निरोप ज्याच्यासाठी असतो

तर्कशास्त्र विधानाची परीक्षा करते, निरोपाची करीत नाही. एखादे विधान खरे की खोटे, एका विधानातून दुसरे निघते की नाही, दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतील की नाही, एवढेच प्रश्न त्याच्या कक्षेत येतात. ते विधान कोणी केले, कोणाला उद्देशून केले आणि ऐकणाऱ्याला आधी काय ठाऊक होते, हे प्रश्न ते उंबरठ्याबाहेर ठेवते. निरोपाचे सारे सत्त्व मात्र या बाहेर ठेवलेल्या प्रश्नांतच असते. ‘गाडी आली’ हे वाक्य फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला नवे काहीच सांगत नाही, घरी पिशवी भरून बसलेल्याला सगळे सांगते, आणि कोणती गाडी हेच ज्याला ठाऊक नाही त्याच्यापर्यंत वाक्य पोचूनही निरोप पोचत नाही. वाक्य एकच आणि त्याची सत्यताही एकच असताना पोचलेली माहिती तिघांच्या ठिकाणी वेगळी असेल, तर माहिती ही वाक्याचा गुण नसून वाक्य आणि ऐकणारा यांच्यामधला संबंध आहे असे मानावे लागते. हा संबंध तर्काने पुरता पकडता येतो का, हा या विवेचनाचा विषय आहे.

भारतीय परंपरेत हा प्रश्न शब्दप्रमाणाच्या वादात उभा राहिला. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आणि शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे असे त्याचे लक्षण केले. आप्त म्हणजे ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू केले आहे. शब्दप्रमाण म्हणजे केवळ वेदांवरचा विश्वास अशी समजूत करून घेणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट नेहमी निसटते. वैशेषिकांना मात्र हे चौथे प्रमाण वेगळे मानण्याचे कारण दिसले नाही. प्रशस्तपादाच्या मते शब्द हा अनुमानाचाच प्रकार आहे: धुरावरून जसा अग्नी ओळखावा, तसा शब्दावरून अर्थ ओळखावा. बौद्ध नैयायिक आणखी एक पाऊल पुढे गेले; शब्दावरून वस्तूचे नव्हे, तर बोलणाऱ्याच्या मनातल्या अभिप्रायाचे तेवढे अनुमान करता येते असे त्यांनी म्हटले.

यावर न्यायाचे उत्तर असे की अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ असा अव्यभिचारी नियम आधी ठाऊक असावा लागतो आणि त्या क्षणी आठवावा लागतो. वाक्याचा अर्थ कळताना असे काही घडत नाही. तेथे लागते ती पदांची एकमेकांविषयीची अपेक्षा, म्हणजे आकांक्षा. पदार्थ एकमेकांशी जुळण्याजोगे असणे, म्हणजे योग्यता. पदे वेळेत एकापाठोपाठ येणे, म्हणजे सन्निधी. आणि बोलणाऱ्याचा रोख, म्हणजे तात्पर्य. ‘विस्तवाने केळीची बाग भिजवली’ या वाक्यात आकांक्षा आणि सन्निधी असूनही योग्यता नाही, म्हणून ते ऐकून कोणाला बोध होत नाही. बोध आधी होतो, त्याची सत्यासत्यता नंतर तपासता येते, आणि तर्काचे काम या दुसऱ्या पायरीवर सुरू होते, असा या भूमिकेचा आशय आहे.

अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांनी स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरामुळे खानदेशाचे नाव देशभरच्या तत्त्वचिंतकांना परिचित झाले. कृष्णचंद्र भट्टाचार्य आणि मलकाणी यांच्यासारखे विचारवंत तेथे राहिले, आणि तेथील चिंतनाचा मुख्य भर अद्वैत वेदान्तावर होता. शब्दप्रमाणाच्या वादाला लागणारी सामग्री मात्र ग्रंथालयापेक्षा बाहेर, जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत अधिक भरीव स्वरूपात सापडते: एक शिलालेख, जुन्या पत्रांची दप्तरे आणि तुरुंगातली अठरा व्याख्याने.

शिलालेख आहे तो चाळीसगावजवळ सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणचा. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ च्या सुमारास तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणला मठ उभारला आणि त्या भागावर सत्ता असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले, ही हकीकत लेखात नोंदली आहे. वंशावळ आणि स्तुती संस्कृतात आहे, तर बाजारातल्या व्यवहारावरचे कोणकोणते हक्क मठाकडे जायचे तो तपशील मराठीत आहे. भाषेची ही वाटणी योगायोगाने झालेली नाही. कुळाची थोरवी ज्या पंडितांनी वाचायची त्यांची भाषा वेगळी आणि ज्या दुकानदाराकडून, तेल्याकडून वसूल करायचे त्याची भाषा वेगळी, हे लेख लिहिणाऱ्याने जाणले होते. एकाच दगडावर दोन निरोप आहेत, कारण निरोप घेणारे दोन आहेत.

त्याहून बोधप्रद आहे ती दानाची तिथी. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण महिना, पौर्णिमा आणि चंद्रग्रहण अशा पाच खुणा दिल्या आहेत. यांतील चंद्रग्रहण शब्द वाचल्यावर पौर्णिमा शब्द तर्कदृष्ट्या अनावश्यक ठरतो, कारण चंद्रग्रहण पौर्णिमेखेरीज होतच नाही. ज्योतिषशास्त्राच्या मठाच्या लेखात हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. तसेच शकाच्या आकड्यावरून संवत्सराचे नाव गणिताने काढता येते, म्हणजे त्या दोहोंपैकीही एक खूण पुरेशी होती. पण शके ११२८ मध्ये ७८ मिळवले की इसवी सन १२०६ येते, तर प्रभव संवत्सर शके ११२९ ला, म्हणजे १२०७ ला येते; आणि १२०६ च्या श्रावणी पौर्णिमेला चंद्रग्रहण जुळत नाही, ते जुळते ९ ऑगस्ट १२०७ या दिवशी. पाच खुणांपैकी एक खूण वर्षाने चुकलेली आहे आणि उरलेल्या खुणा मिळून ती चूक दुरुस्त करतात. केवळ आकडा कोरला असता तर चुकीचे वर्ष बिनबोभाट इतिहासात शिरले असते आणि त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणीही उरले नसते.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ साली संदेशवहनाचा जो गणिती सिद्धान्त मांडला त्यात ही गोष्ट नेमकी सापडते. त्याच्या दृष्टीने माहिती म्हणजे अनिश्चितता कमी होण्याचे माप. नाणेफेकीचा निकाल कळला की दोन समान शक्यतांतली एक उरते, आणि तेवढ्या माहितीला एक बिट म्हणतात. जे घडणारच होते ते घडल्याचे कळले तर माहिती शून्य. या हिशेबाने ग्रहणाचा उल्लेख असताना पौर्णिमेची माहिती शून्य आहे. परंतु ज्या वाटेने निरोप जातो त्या वाटेवर गोंगाट असतो, म्हणजे अक्षर झिजते, हात चुकतो, कान चुकतो, आणि तेथे ही फुकट वाटणारी पुनरुक्तीच निरोपाला तारते. शॅननने अर्थाचा प्रश्न आपल्या विषयाबाहेर असल्याचे स्पष्ट केले होते, हेही येथे नोंदले पाहिजे, कारण त्याचा सिद्धान्त निरोपाच्या अर्थाला लावणारे लेखक ती मर्यादा सोयीने विसरतात. गोंगाटाची जाण मात्र आधुनिक काळाची मिरास नव्हे. शंकर श्रीकृष्ण देव यांच्या खटपटीतून धुळ्याला समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी हस्तलिखितांचा जो संग्रह झाला, त्या संप्रदायाच्या मूळ ग्रंथात, दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्या समासात, पानाच्या चारही बाजूंना कोरी जागा सोडण्याचा उपदेश आहे. कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागू नये, हे त्याचे कारण तेथेच सांगितले आहे. कोऱ्या समासात माहिती नसते, तरीही निरोप टिकतो तो त्याच्या जोरावर.

पाटणच्या मठात भास्कराचार्यांची लीलावती शिकवली जात असणार, आणि तेथे दुसरी अडचण उभी राहते. १९५२ मध्ये कार्नॅप आणि बार-हिलेल या तर्कवेत्त्यांनी अर्थाच्या माहितीचे माप सुचवले: वाक्य जितक्या शक्यता बाद करते तितकी त्याची माहिती. हे मान्य केले तर जे वाक्य केवळ तर्काने खरे आहे ते एकही शक्यता बाद करीत नाही, म्हणून त्याची माहिती शून्य ठरते, आणि गृहीतांतून निघणारा निष्कर्षही गृहीतांत नसलेले असे काही सांगत नाही. मग लीलावतीतले उदाहरण सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला काय मिळते? हंसांची किंवा भुंग्यांची संख्या उदाहरणाच्या शब्दांत आधीच बंद आहे. उत्तर काढल्यावर जगाविषयी एकही नवी गोष्ट कळलेली नसते, आणि तरीही ज्याने उत्तर काढले आणि ज्याला काढता आले नाही त्या दोघांत फरक आहे हे कोणताही पंतोजी सांगेल. फिनिश तर्कवेत्ता हिंतिक्का याने या विसंगतीला निगमनाची नाचक्की ठरवले होते. नव्यन्यायाने हाच पेच पक्षतेच्या चर्चेत हाताळला आहे. सिद्ध असलेलेच पुन्हा सिद्ध करणे हा सिद्धसाधन नावाचा दोष होय. परंतु वस्तू कळलेली असूनही ती अनुमानाने जाणण्याची इच्छा असेल तर अनुमान करता येते, अशी सवलत गंगेशाने ठेवली. ही सवलत वरवर क्षुल्लक वाटते, पण तिच्यामुळे ज्ञानाचे माप केवळ विधानांच्या आपसातल्या संबंधात न राहता जाणणाऱ्याच्या स्थितीत येते, आणि ‘कोणाला?’ हा उंबरठ्याबाहेर ठेवलेला प्रश्न तर्काच्या घरात पुन्हा शिरतो.

तो प्रश्न सर्वांत ठळकपणे दिसतो तो जुन्या पत्रांत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने बावीस खंड छापले, गावोगावची दप्तरे धुंडाळली, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला. त्यांनी जमवलेली कागदपत्रे सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. बखरीपेक्षा अस्सल पत्र अधिक विश्वासार्ह, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. परंतु अस्सल पत्राची एक खोड अशी की त्यात बहुधा वर्ष नसते. ‘छ’ हे चंद्राचे अक्षर, त्यापुढे चांद्र तारीख आणि रमजान किंवा रबिलावल असा महिना, एवढे लिहून कारकून थांबतो. हा त्याचा निष्काळजीपणा नव्हे. ज्याच्या हाती चार-आठ दिवसांत पत्र पडायचे त्याला चालू साल कोणते हे सांगणे म्हणजे माहितीच्या नावाने शाई नासणे होते. याउलट सनदेवर सालाचा उल्लेख हमखास असतो आणि तोही अंकांत नव्हे, अरबी संख्याशब्दांत: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन ११६१, इसवी १७६०-६१. सनद पुढे कधीतरी तिसऱ्याच माणसापुढे ठेवायची असते, त्या तिसऱ्याला आजचे साल ठाऊक नसणार, आणि अंकात खाडाखोड करणे शब्दात करण्यापेक्षा सोपे असते. शिलालेख आणि सनद अनोळखी वाचकासाठी लिहिलेली असतात, पत्र ओळखीच्यासाठी. कोणत्या कागदात काय गाळले आहे त्यावरून तो कोणासाठी होता हे कळते.

वर्ष नसलेले पत्र संशोधकाच्या हाती येते तेव्हा काय घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. समजा पत्रात छ आणि रमजान आहे, आणि मजकुरात उद्या दसरा असल्याचा उल्लेख ओघाने आला आहे. हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, त्यामुळे त्याचे महिने ऋतूंतून मागे सरकत जातात आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच ठिकाणी येतात. रमजान आणि आश्विन यांची गाठ सलग दोन-तीन वर्षेच पडते, मग ती पुढच्या फेरीपर्यंत सुटते. म्हणजे दसऱ्याच्या त्या एका उल्लेखाने शंभर वर्षांतली नव्वदएक वर्षे बाद झाली. पुढे पत्रात एखाद्या सरदाराचा हयात म्हणून उल्लेख असेल तर फेरी ठरते, आणि वार दिला असेल तर वर्ष. हे शुद्ध अनुमान आहे, त्याला व्याप्ती आहे, हेतू आहे, आणि हेत्वाभासाची भीतीही आहे. मात्र या अनुमानाचा विषय पाहिला तर तो पत्र लिहिणाऱ्याने सांगितलेला नाही. दसऱ्याचा उल्लेख त्याने काळ कळवण्यासाठी केला नव्हता. त्याला कदाचित शिलंगणासाठी घोडा हवा होता.

येथे न्याय आणि वैशेषिक यांच्या वादाकडे पुन्हा पाहता येते. दोन्ही पक्षांनी ऐकणारा एकच गृहीत धरला आणि त्याच्या मनात शब्द काय करतो यावर वाद घातला. वस्तुतः ऐकणारे दोन प्रकारचे असतात. ज्याला उद्देशून पत्र लिहिले त्याच्यापुढे ते शब्द म्हणून येते: आकांक्षा, योग्यता, तात्पर्य सारे जागेवर असते, तो घोडा पाठवतो किंवा नाही म्हणून कळवतो. संशोधकापुढे तेच पत्र लिंग म्हणून, म्हणजे धुरासारखी खूण म्हणून येते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात नसलेल्या गोष्टीही ते सांगून जाते. शब्द हे अनुमान आहे असे म्हणणारा वैशेषिक संशोधकाविषयी खरे बोलतो आणि शब्द स्वतंत्र आहे असे म्हणणारा नैयायिक पत्र घेणाऱ्याविषयी. संशोधक पत्रलेखकावर विश्वास न ठेवताही त्याच्यापासून शिकू शकतो, किंबहुना लेखक खोटे लिहीत असेल तर ते खोटेही त्याला उपयोगी पडते. पत्र घेणाऱ्याला ही चैन परवडत नाही, कारण त्याला आप्तता मानावी लागते किंवा नाकारावी लागते.

पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्राची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही अशा आशयाचा तो मजकूर. येथे प्रत्येक वाक्य वाच्यार्थाने सुसंगत आहे. सावकाराचा माल बुडतो, मोहरा हरवतात. पदार्थांचा मेळ बसत नाही म्हणून दुसरा अर्थ शोधावा, अशी वेळच येत नाही. तरीही पेशव्याला अर्थ लागला, कारण अशा वेळी, अशा दिशेने येणाऱ्या कासिदाच्या पिशवीत मोत्यांचा हिशेब असणे संभवत नव्हते. लक्षणेचे, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून संबंधित अर्थ घेण्याचे, मूळ पदार्थांच्या न जुळण्यात नसून तात्पर्याच्या न जुळण्यात आहे असे उत्तरकालीन नैयायिक म्हणतात ते याच अर्थाने. वाटेत दुसऱ्या कोणी ते पत्र पकडले असते तर त्याच्याकडे सारे शब्द असते, कदाचित मराठी जाणणारा मुनशीही असता. नसती ती ओळख, म्हणजे हे दोन मोती कोण हे आधीच ठाऊक असणे.

धुळ्याच्या तुरुंगातल्या व्याख्यानांचा प्रकार या साऱ्यांहून निराळा आहे. १९३२ साली सत्याग्रही कैद्यांपुढे विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. साने गुरुजी काही काळ अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात विद्यार्थी होते आणि नंतर तेथील शाळेत शिक्षक. तत्त्वज्ञानाची भाषा आणि मुलांची भाषा अशा दोन्ही त्यांच्या हाताला सवयीच्या होत्या. ‘गीता प्रवचने’ वाचणाऱ्याला त्या कैद्यांपैकी कोणी ओळखीचे नसते, पुस्तक त्याच्यासाठी बोललेले नसते, आणि तरी तो ते राजवाड्यांच्या दृष्टीने, १९३२ च्या तुरुंगजीवनाची खूण म्हणून, क्वचितच वाचतो. बहुतेक वाचक स्वतःला उद्देशून सांगितल्यासारखे ते घेतात. तिऱ्हाइताला पुन्हा श्रोता करून घेणे ही गोष्ट लेखनाला नेहमी साधत नाही. ती येथे साधली याचे एक कारण उतरून घेणाऱ्यात आहे, कारण तो स्वतः समोर बसलेल्यांपैकी एक होता आणि त्याने शब्दांबरोबर ऐकण्याची जागाही लिहून ठेवली.

गीतेची स्वतःची रचनाही अशीच आहे. कृष्ण बोलतो तो अर्जुनाशी. ते जसेच्या तसे सांगतो संजय, आणि संजयाला उद्देशून त्यातले एकही वाक्य नाही. ऐकतो धृतराष्ट्र, ज्याने रणांगणावर माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केले एवढी माहिती मागितली होती. अर्जुनाने ऐकलेले सारे शब्द धृतराष्ट्राच्याही कानावर पडले, एकही गळला नाही. अर्जुन प्रश्न विचारतो, अडतो, शंका घेतो, आणि अखेरीस सांगितले तसे करीन म्हणतो. धृतराष्ट्र पहिल्या श्लोकानंतर बोलत नाही. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस जो हर्षाने भरून बोलतो तो संजय असतो.